ताप येतो, हे आधीच सांगितलं

आणीबाणी उठली होती, तरी आंधळगावात सरकारी जीप दिसली की दारं लागायची. नसबंदीवाले आले, असाच समज. मी तिथल्या दवाखान्यात नवी डॉक्टर. जीप सोडली आणि पायीच गावात फिरू लागले.

एका विणकराच्या तान्ह्या मुलीला त्रिगुणी लस द्यायची होती. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, तिन्हींवर एकच सुई. नर्सबाई तिथून हात हलवत परतल्या होत्या. मी गेले तेव्हा विणकर मागावर विणत बसला होता. बायकोनं मला पाट दिला. तो सांगू लागला, थोरल्याला सुई दिली तेव्हा पोर रात्रभर फणफणलं, आणि सुई देणारे तर म्हणाले होते की काहीच होत नाही.

"तुमी सांगा डाक्टरीणबाई, ताप येते का नाई?"

"येतो," मी म्हणाले. "पुष्कळ पोरांना येतो. मांडी सुजते, पोर किरकिरतं. एकदोन दिवसांत उतरतो."

नसबंदीचं त्यानं विचारलं नाही, पण बायकोच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. म्हणून तेही बोलले. या सुईचा त्याच्याशी काही संबंध नाही, माझ्या भाचीलाही हीच दिलीय.

त्यानं माग थांबवला. "ताप आला तर तुमी येसान का?"

येईन म्हणाले, आणि सुई दिली.

दुसऱ्या दिवशी गेले. ताप होताच. घरातल्या सासूबाई, पोरीच्या आजी, माझ्याकडे पाहीनात. औषध दिलं, ओल्या फडक्यानं अंग पुसायला दाखवलं, कशावरून घाबरायचं आणि कशावरून नाही ते आईला समजावलं. मग उगाच बसून राहिले. लुगड्यांच्या काठांवरून गप्पा माझ्या माहेरावर आल्या, माझं लग्न काहून झालं नाही इथवर पोचल्या. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, जेवून जा. भात, वांग्याची भाजी. मी पोटभर जेवले. पोरीचा ताप पुढे उतरला.

पुढच्या सुईच्या खेपेला विणकराची बायको शेजारणींना घेऊन दवाखान्यात आली. व्हरांड्यात त्यांना सांगत होती, "ताप येते बरं. येते आन् उतरते. घाबरू नोका." मी आतूनच ऐकलं आणि सुया उकळायला ठेवल्या.

पावसाळ्यात विणकराच्या पायात गंजका खिळा घुसला. बायकोनं त्याला दवाखान्यात आणलं, पण मी धनुर्वाताची सुई भरताच तो लंगडत दाराकडे निघाला. "पोरीले द्या, मले कायले?"

बायकोनं दंडाला धरून त्याला बाकावर बसवलं.