चौदा बटणांची नावं

आपली लेक भिडस्त आहे, हा घोर हॉस्पिटलच्या खिडकीवर पेशंटची नोंदणी करणाऱ्या नोंदणीबाईंच्या जिवाला तीसेक वर्षं लागलेला होता. भीड भिकेची बहीण, हे त्यांनी तिला शाळेत असल्यापासून ऐकवलं होतं, आणि लेकीने ते दर वेळी मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. म्हणजे तिथेही भीडच. आता ती चौतिशीला आली, नोकरी करून स्वतःच्या पायावर उभी राहिली, तरी घोर काही हलेना. या शनिवारी ती दोन दिवसांसाठी घरी आली, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली आणि "सोमवारी मोठी बैठक आहे" एवढंच म्हणाली, तेव्हा तर तो दुप्पट झाला.

घरात तिला खुंटी म्हणत. लहानपणी रुसली की दारामागे भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहायची, म्हणून. पुढे हे नाव वेगळ्याच अर्थाने खरं ठरलं. कॉलेज संपता संपता तिने वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी तयार बटणांचा, याद्यांचा, तारीख निवडायच्या चौकटींचा एक संच लिहिला आणि ज्याला हवा त्याने फुकट घ्यावा म्हणून खुला सोडून दिला. आज चाळीस हजारांवर साइट्स त्या संचावर चालत होत्या. "एकच खुंटी आणि चाळीस हजारांचे कोट," असं तिचे वडील म्हणायचे. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आमच्या घरचं माणूस कायम पुढे, हेही लगेच जोडायचे. अनोळखी माणसं तिला हक्काने लिहायची, काल चालत होतं ते आज का बिघडलं म्हणून. नोकरी सांभाळून ती प्रत्येकाला उत्तर द्यायची. पोरीला 'नाही' म्हणता येत नाही आणि जग तिला पिळून घेतंय, अशी नोंदणीबाईंची खात्रीच झाली होती.

रविवारी सकाळी खुंटी आतल्या खोलीत तिच्या दोन सोबत्यांशी लॅपटॉपवरून बोलत होती. संचाचा कारभार हे तिघं मिळून बघत. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. नोंदणीबाई बाहेर वाळलेले कपडे घडी करायला बसल्या. हात कपड्यांवर, कान आत.

हळूहळू त्यांना भानगड उमगली. ज्यांना दिसत नाही, त्यांच्या कॉम्प्युटरमधला एक आवाज त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो. पण खुंटीच्या संचातली बरीच बटणं नुसत्या चित्रांची होती. फोनचं चित्र, कॅलेंडरचं चित्र. आवाजाला चित्र कळत नाही, तो नुसतं "बटण" म्हणून पुढे जातो. खरं तर प्रत्येक बटणाचं नाव लिहायला संचात पहिल्यापासून एक रकाना होता, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. मात्र खुंटीच्याच एका चुकीमुळे तिथे भरलेलं नाव त्या आवाजापर्यंत कधी पोचतच नव्हतं. चार वर्षांपूर्वी एका दृष्टिहीन वकिलांनी हे तिच्या लक्षात आणून दिलं होतं, आणि आता कुठे तिची दुरुस्ती तयार झाली होती.

अडचण पुढेच होती. नाव कुठेच दिसत नाही म्हटल्यावर लोकांनी त्या रकान्यात वाटेल ते भरून ठेवलं होतं. कोणी 'अबक', कोणी कुत्र्याचं नाव. दुरुस्ती सगळीकडे गेली की ते सगळं चव्हाट्यावर बोललं जाणार होतं, आणि चाळीस हजार साइटवाले खुंटीच्या नावाने खडे फोडणार होते.

एका सोबत्याचं म्हणणं पडलं, की दुरुस्ती देऊ, पण बंद करून देऊ. ज्याला हवी तो चालू करेल.

"बंद सोय कोणी चालू करत नसतं," खुंटी म्हणाली. "चार जिने चढून या, वर लिफ्टची किल्ली मिळेल, असं सांगण्यासारखं आहे ते."

आवाज चढलेला नव्हता, पण नोंदणीबाईंच्या हातातला अभ्रा तसाच राहिला. पुढे ती एकेक गोष्ट ठणकावून सांगत गेली. या खेपेला आवाज नावं बोलायला लागेल, मात्र एकही पान बंद पडणार नाही. संशयास्पद नावांची यादी साइटवाल्यांना आपणहून मिळेल. तरीही कोणी 'अबक' तसंच ठेवलं तर अडवायचं, ते सहा महिन्यांनी. आणि ज्याला जुनं तसंच ठेवायचं असेल, त्याने कारण लिहून ठेवावं. सोबत्याने दोनदा मोडता घातला, दोन्ही वेळा तिने तो शांतपणे बाजूला केला. ही भिडस्त? नोंदणीबाईंना आपली लेक क्षणभर ओळखूच आली नाही.

मग दुसरी सोबतीण म्हणाली, की सोमवारच्या बैठकीत साइटवाल्यांना आकडे नकोत, एक खरं उदाहरण ऐकवू. तुझ्याकडे आहे म्हणाली होतीस ना?

 मग खुंटीचा आवाज आला, एकदम पडलेला. "आहे. पण ते नाही दाखवता येणार."

ती बाहेर आली तशी नोंदणीबाईंनी तिला गाठलंच. खुंटी म्हणाली, जाऊ दे ना आई. पण त्या जाऊ देणाऱ्यातल्या नव्हत्या.

"कोणाची भीड पडलीय एवढी?"

"तुझी."

मग तिने लॅपटॉपवर ते ऐकवलं. वकीलसाहेबांनी दुरुस्ती तपासून बघताना आधी आपल्या नेहमीच्या हॉस्पिटलचं पान उघडलं होतं. सपाट आवाज बोलू लागला. "नंतर बघू, बटण. नंतर बघू, बटण. नंतर बघू, बटण." ओळीने चौदा वेळा. मागे वकीलसाहेबांचं हसू ऐकू येत होतं, पार ठसका लागेपर्यंत. शेवटी ते म्हणाले होते, "आधी नुसतंच 'बटण, बटण' ऐकू यायचं. आता कळलं, माझा विचार कोणीतरी केला होता. फक्त पुढे ढकलला होता."

नोंदणीबाई खुर्चीत बसल्या. सात वर्षांपूर्वी त्यांच्या हॉस्पिटलचं ते पान खुंटीच्याच संचावर उभं राहिलं, तेव्हा बटणांची नावं त्यांनीच भरली होती. खिडकीबाहेर रांग, आणि कॉम्प्युटर नाव घातल्याशिवाय पुढे सरकेना. त्यांनी लेकीला फोन लावला तर ती घाईत म्हणाली, काहीही लिही गं, ते कुठे दिसत नाही. एकोणतीस वर्षांत पेशंटचं पूर्ण नाव विचारल्याशिवाय एकही केसपेपर पुढे न सरकवलेल्या बाईने चौदा वेळा 'नंतर बघू' लिहिलं होतं.

"मूळ चूक माझी," खुंटी म्हणाली. "पण पानावर हॉस्पिटलचं नाव आहे. ते कापून ऐकवलं तर कोणी खरं मानणार नाही, सगळे साइट उघडून बघतात. आणि तुला रिटायर व्हायला चार महिने राहिलेत. जाता जाता सगळ्यांनी तुला हसावं, असं मला नकोय."

नोंदणीबाईंना आधी हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आठवल्या. एक फाइल उलटी लागली तरी त्या अख्खं ऑफिस डोक्यावर घेत. नावं उद्या सकाळी गुपचूप बदलून टाकली तर? दहा मिनिटांचं काम. कानोकान खबर लागली नसती.

मग त्यांनी विचारलं, "हे वकीलसाहेब इतकी वर्षं अपॉइंटमेंट कशी घेतात?"

"फोन करून. सकाळी आठला."

नोंदणीबाईंना तो आवाज आठवला. अदबीने म्हणायचा, बाई, तुमच्या साइटवर मला जमत नाही. आणि त्यांनी त्याला दरवेळी टोमणा मारला होता, अहो वकील ना तुम्ही, एवढं शिकून घ्या की, माझ्यासारखीला जमतं. तो "प्रयत्न करतो" म्हणायचा. आपल्याला दिसत नाही, हे त्याने एकदाही बोलून दाखवलं नव्हतं, आणि खिडकीवरच्या गर्दीत त्यांनी तो आवाज कधी कुठल्या चेहऱ्याशी जोडला नव्हता.

त्यांनी हातातल्या अभ्र्याच्या कडा नीट जुळवल्या. मग म्हणाल्या, "ते आहे तसंच ऐकव सोमवारी. 'नंतर बघू' कोणी लिहिलं असं विचारलं, तर माझ्या आईने लिहिलं म्हणून सांग. आणि 'काहीही लिही' कोणी म्हटलं, तेही सांग."

"आई, हॉस्पिटलला न विचारता?"

"तेच करते आता."

खुंटीचे वडील वर्तमानपत्रामागून म्हणाले, की रविवार आहे, उद्या समोरासमोर बोल, फोनवर उगाच शिव्या खाशील. नोंदणीबाई म्हणाल्या, खाल्ल्या तर खाल्ल्या, माझ्याच आहेत. उद्या डॉक्टरीणबाई ऑपरेशनला गेल्या की संध्याकाळपर्यंत सापडत नाहीत, आणि पोरीची बैठक दुपारी आहे.

त्यांनी चष्मा चढवला आणि मोबाइलमध्ये मोठ्या डॉक्टरीणबाईंचा नंबर शोधायला घेतला. "लॅपटॉप इकडे सरकव," त्या खुंटीला म्हणाल्या. "ऐकवा म्हणाल्या, तर लगेच ऐकवता आलं पाहिजे."