हुलग्यावरून गाडी

माझ्या गाडीखाली कुणी मेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण जिंतुरात ही हकीकत दोन-तीन तऱ्हांनी सांगतात आणि त्यातल्या एका तऱ्हेत मी चक्क एक म्हैस मारलेली आहे. म्हैस तिथं नव्हतीच. होती ती एक म्हातारी, आणि ती आजही ठणठणीत आहे.

मी जिंतुरात राहते आणि वालूरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेच्या वेळेला सोयीची एसटी नाही. कितीतरी वर्षं मी कुणाच्या ना कुणाच्या आधारानं गेले. कधी नवऱ्याच्या मोटारसायकलवर, कधी सहकाऱ्यांच्या जीपमध्ये डबा मांडीवर धरून. चाळिशी ओलांडल्यावर गाडी शिकले, आम्ही एक जुनी पांढरी गाडी घेतली, आणि शाळेतून कधी निघायचं हे आयुष्यात पहिल्यांदा माझं मला ठरवता यायला लागलं. ज्यांना हे कायम ठरवता आलं, त्यांना यातलं सुख सांगून समजायचं नाही.

दसरा झाला की आमच्याकडे डांबरी रस्त्याचं खळं होतं. सोयाबीन निघालेलं असतं, रानात अजून ओल असते, म्हणून लोक निम्म्या रस्त्यावर दाणे पसरतात आणि वरून गाड्या जाऊ नयेत म्हणून कडेनं मोठाले दगड मांडतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उरलेल्या निम्म्या रस्त्यावरून येणारे-जाणारे एकमेकांना सांभाळून घेतात.

त्या दुपारी सोयाबीन माझ्या बाजूला होतं आणि समोरून एसटी येत होती. मी थांबायला हवं होतं. मला वाटलं, निघून जाईन. एसटी माझ्या अंदाजापेक्षा लवकर अंगावर आली. मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं, दोन दगडांच्या मधून सोयाबीनवर घुसले आणि जीव खाऊन ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण गाडी दाण्यांवरून घसरत पुढे चालली. पुढे एक म्हातारी दाताळ्यानं सोयाबीन खालीवर करत होती. ती हातातलं दाताळं टाकून बाजूला झाली. चाकाखाली काहीतरी कडाडून मोडलं. तो दाताळ्याचा दांडा आहे हे कळायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माझं जे काय व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लोक जमले. "बाईच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. एका ओळखीच्या माणसानं मला मागच्या सीटवर बसवलं आणि माझीच गाडी चालवत मला घरी आणून सोडलं. म्हातारी तावातावानं काहीतरी बोलत होती, पण ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही.

घरी सासूबाईंनी मीठ-मिरच्या आधी माझ्यावरून उतरवल्या, मग गाडीवरून. त्या चुलीत टाकल्यावर कुणालाच ठसका लागला नाही, तेव्हा नजर जबरदस्त होती असं ठरलं. नवरा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "तू कशाला फिकीर करतेस, मी सोडतो की तुला रोज," असं म्हणून त्यानं चावी खिशात टाकली. शाळेतले सहकारी 'मॅडम, जपा' म्हणायला लागले. त्यांच्यातल्याच एकानं मागे जीप ओढ्यात घातली होती, आणि ती हकीकत तो अजून मधल्या सुट्टीत रंगवून सांगतो. मी चुकले होते, हे मला मान्य आहे. पण ती ड्रायव्हरची चूक होती. सगळ्यांनी मिळून ती बाईची करून टाकली, याचा मला भयंकर संताप आला होता.

नुसत्या संतापानं मात्र गाडी चालत नाही. एकदा नवरा चावी घरी विसरून गेला, आणि घरात कुणी नसताना मी अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसले, चालू केली, आणि ब्रेकवरचा पाय उचलेना. कानात तो दांडा पुन्हा मोडला. मी घाबरले होते. हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सगळ्यांना एकदम हायसं वाटलं असतं.

दिवाळीनंतर एका शनिवारी जेवताना नवरा म्हणाला, "मानवतचा एक जण उद्या गाडी बघायला येणार आहे. नुसती उभी राहून खराब होण्यापेक्षा जाऊ दे ती." सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई." मला कुणी विचारलं नव्हतं. मी जेवले, भांडी घासली, आणि अंथरुणावर पडल्यापडल्या एवढंच कळलं की उद्या गाडी गेली तर पुन्हा येणार नाही.

रविवारी सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा मी त्याच्या पँटच्या खिशातून चावी काढली. सासूबाई देवापुढे होत्या. "कुठं निघालीस?" त्यांनी विचारलं. "गाडी धुऊन आणते," मी म्हणाले. गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर त्यांना ते पटलं.

गावाबाहेर पडेपर्यंत मी दुसऱ्याच गिअरवर होते. दूधवाले मोटारसायकलवरून मला मागे टाकताना वळूनवळून बघत होते. मी स्वतःला मोठ्यानं दटावत होते, तिसरा टाक, मेलीस तरी चालेल पण तिसरा टाक. तिसरा पडला. चौथ्याचं नाव काढलं नाही.

त्या जागेजवळ आले तर या कडेपासून त्या कडेपर्यंत रस्त्यावर शेंगांसकट वाळलेला हुलगा पसरलेला. दगड नाहीत, वाटही नाही. मी लांबच थांबले. म्हातारी कडेला बसलेली होती. तिनं गाडी ओळखली आणि उठून थेट काचेशी आली.

"तूच ना गं ती मास्तरीन," ती म्हणाली. "दाताळं मोडलं माजं."

मी माफीची वाक्यं जुळवून आणली होती. "चुकलं माझं त्या दिवशी. तुमचा जीव गेला असता," मी म्हणाले.

"गेला का? न्हाई ना. मंग सोयाबीनचं बोल. निम्मं चिरडलं तू. निवडून निवडून डोळे गेले माजे. एष्टी दिसली न्हाई का तुला?"

"दिसली. वाटलं, निघून जाईन."

"वाटलं म्हनं. समद्यायलाच वाटतंय. त्या एष्टीवाल्यालाबी तसंच वाटलं आसंल."

आता मीही पेटले. रस्ता म्हणजे काय तुमचं खळं आहे का, असं मी विचारलं. "मंग कुटं वाळवू, तुज्या शाळंत?" ती म्हणाली. शाळेत वाळवा, पण निम्मा रस्ता अडवू नका, असं मी म्हणाले. आमचं चांगलंच जुंपलं. आणि भांडताभांडता माझ्या ध्यानात आलं की एखाद्या ट्रकवाल्याला तिनं ज्या शिव्या घातल्या असत्या, त्याच ती मला घालत होती. बाईच्या हातात गाडी वगैरे काही तिच्या तोंडून आलं नाही. मला इतकं बरं वाटलं की पुढचा मुद्दा मी सोडूनच दिला.

"आता थांबलीस काऊन? जा की," ती म्हणाली.

"हुलग्यावरून?"

"मंग कशासाठी टाकलाय? सोयाबीनवरून जायाचं नस्तंय, हुलग्यावरून जायाचं आस्तंय. आज आइतवार, गाड्याच न्हाईत. सकाळधरनं वाट बघायले मी."

चाकाखाली शेंगा फुटल्या की हुलग्याची मळणी आयतीच होते, हे मला माहीत होतं. तरी पहिल्या शेंगा कडकडल्या आणि पाय आपोआप ब्रेककडे गेला. तिनं गाडीच्या टपावर थाप मारली. "थांबू नको गं, चाकात गुतंतंय." मी पाय काढला आणि गाडी पुढे घेतली. पुढून वळवून आणली, मग कडेकडेनं नेली, मग मधून. ती चालत बरोबर येत होती आणि कुठं राहिलं ते दाखवत होती. हळूहळू त्या कडकड आवाजानं मी दचकेनाशी झाले.

"तिकडल्या अंगाला राह्यलंय. मागं घे," ती म्हणाली आणि गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

रिव्हर्स मला मुळातच नीट येत नव्हता. आरशात ती दिसत होती, पदर खोचलेला, एक हात वर. जिला मी जवळजवळ गाडीखाली घेतलं होतं, तीच माझ्या गाडीच्या मागे उभी राहून "ये, ये, आनखी ये" म्हणत होती. पाय पुन्हा ब्रेककडे जायला बघत होता. मी गाडी मागे घेतली आणि तिचा हात थांबला तिथं थांबवली.

घरी पोचले तेव्हा गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. नवरा दारात उभा होता, त्याचा चेहरा उतरलेला. गिऱ्हाईकानं गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं, चाकाच्या वर अडकलेलं भुसकट बोटानं काढलं. "सर, गाडी रानात नेली व्हती का?"

"गाडी विकायची नाही," मी म्हणाले. "चहा घेऊन जा."

"पण सर तर बोलले..."

"सरांची मोटारसायकल आहे. ती विकायची आहे का, ते त्यांना विचारा."

गिऱ्हाईक हसलं. नवरा हसला नाही. त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच, खरोखर काळजीनं विचारलं, "अगं, पण तुला भीती वाटते ना?"

"वाटते," मी म्हणाले. "तरी उद्या शाळेला गाडी मीच घेऊन जाणार आहे."