शेवंताबाईचं हसणं

सकाळच्या एसटीनं सिहोऱ्याहून आलेला माणूस वरठीच्या आमच्या ओसरीवर चपला काढत होता, तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहूनच मी समजले. "शेवंताबाई गेली जी," तो म्हणाला. आणि रडू फुटण्याआधी माझ्या तोंडून निघालं, "कशी गेली?"

शेवंताबाई माझी थोरली बहीण, सिहोऱ्याला दिलेली; आम्ही तिला नुसतं बाई म्हणायचो. धानाच्या बांधावर, बरोबरच्या बायांच्या देखत, छातीला हात लावून खाली बसली ती उठलीच नाही. तरीही मातीला आलेल्यांपैकी एकीनं मला बाजूला घेतलं, "खरंच छातीनं गेली, का विहीरबिहीर...?" मला तिचा राग आला नाही. बाईच्या बाबतीत आम्ही सगळेच इतकी वर्षं संशयावर जगलो होतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, बाई एकाएकी खुलली. बांधीत, धानाच्या चिखलात, सगळ्यांच्या पुढे, तोंडात सतत गाणं. घरी येऊन भिंतींना चुना लावायची, आपल्या संपल्या की शेजारणीच्या. झोपायची जेमतेम, आणि तरी थकायची नाही. ट्रंकेतली लुगडी तिनं वाटून टाकली. एकटीच तुमसरच्या बाजारात जाऊन टोपलीभर बांगड्या घेऊन आली, दिसेल तिच्या हातात भरल्या. बोलता बोलता एका गोष्टीतून दुसरीत जायची, ऐकणाऱ्याला दम लागायचा. बायांना ती फार आवडली त्या दिवसांत. पुरुषांना नाही. एवढी नटून, हसत बाजाराला जाते, म्हणजे कुणीतरी असेल तिथं, अशी कुजबुज सुरू झाली. गोविंदभाऊजी, तिचा नवरा, एका बाजाराला तिच्या मागोमाग लपत गेले. त्यांना दिसली ती अनोळखी म्हाताऱ्यांशी जन्माची ओळख असल्यासारखी गप्पा मारणारी आपली बायको.

हिवाळा आला आणि तीच बाई भिंतीकडे तोंड करून निजली. केस विंचरेना, जेवेना. मी भेटायला गेले तर एवढंच म्हणाली, "सुमन, उठाच नाही वाटत मले." सासूला खळ्यात लिंबू सापडलं आणि तिनं धाकट्या सुनेवर बोट ठेवलं, हिनंच करणी केली. दोन चुली झाल्या, एकमेकींच्या हातचं पाणी बंद झालं. अंगारे झाले, धुपारे झाले. आमच्या आईचा संशय वेगळा. ती सरळ भाऊजींना म्हणाली, "खरं सांगा, मारता का तुमी माह्या पोरीले?" भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "मामी, हात नाई लावला जी कधी." आईचा विश्वास बसला नाही. आणि काही महिन्यांनी बाई आपोआप उठली, कामाला लागली, म्हणून सगळ्यांनी आपापला संशय खरा धरला.

असं पुन्हा झालं, पुन्हा झालं. शेवटी भंडाऱ्याच्या एका डॉक्टरांनी उदासीच्या गोळ्या दिल्या. थोड्याच दिवसांत बाई पुन्हा गात, धावत सुटली. आता संशय डॉक्टरवर, नशेच्या गोळ्या देतो म्हणून.

नागपूरच्या मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी बरोबर होते. भाऊजी तिच्या निजून राहण्याचं सांगत होते. डॉक्टरांनी मध्येच विचारलं, "याच्या उलट कधी होतं का? झोप नको, बोलणं थांबत नाही, वस्तू वाटत सुटते, असं?"

"होते ना जी," भाऊजी म्हणाले, "पन तो काही रोग नाई. तवा तर ते खुशीत राह्यते."

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही एकाच आजाराची टोकं आहेत."

बाई खिडकीबाहेर पाहत होती. इतकी वर्षं आम्ही तिच्या रडण्याचं कारण शोधत होतो. हसण्याकडे कुणी तसं पाहिलंच नव्हतं.

लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या, अधूनमधून रक्त तपासायला नागपूर. बाईचा हात थरथरायचा, तहान लागायची, पण तिचे दिवस सारखे झाले. धाकट्या जावेकडे ती स्वतः गेली आणि तिच्या माठातलं पाणी मागून प्याली. संशय मात्र घरातून गेला नाही. त्यानं फक्त जागा बदलली. माझ्या मुलीच्या लग्नात बाई हळदीला जरा मोठ्यानं हसली आणि आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिनं ते टिपलं. मला आत नेऊन म्हणाली, "मी हासली का तुमी एकमेकाइचे तोंडं पायता. काहून? चांगल्या मानसाले हासू येत नाई का?" मग तीच निवळली. "हासन्यावर नोको जाऊ सुमन. मी झोपली का नाई, तेवढं पाय. झोप उडाली अन् तरी मी ताजीतवानी दिसली, तं समज, मले दवाखान्यात ने."

तेव्हापासून भाऊजी रोज सकाळी चहाआधी विचारायचे, "झोपली होतीस ना?" ती कधी नीट उत्तर द्यायची, कधी चिडायची.

तेरवीचं जेवण उरकल्यावर भाऊजी माझ्याजवळ येऊन बसले. "शेवंता गेली त्या दिवशी सकारी," ते म्हणाले, "मी अंगनात बसून गड्यावर वरडून राह्यलो होतो, अन् मांगून बकरी माह्या दुपट्ट्याचं टोक चावून राह्यली होती. मले पत्ताच नाई. शेवंता येवढी हासली, येवढी हासली... डोयातून पानी आलं तिच्या. मी बी हासलो. झोपीचं इचाराचं राहूनच गेलं, सुमन."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला. त्याचं टोक कुरतडलेलं होतं. त्या सुटलेल्या धाग्यांवरून ते बोट फिरवत राहिले.