मुक्ता जिथे उभी होती

१४ डिसेंबर, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. वेळ मुद्दाम आधी देते, कारण पुढचं सगळं मला स्वतःलाच पटत नाही. भूत, चकवा, बाहेरची बाधा... यांपैकी कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही.

मी जलविज्ञानाची विद्यार्थिनी. पीएचडीच्या प्रस्तावासाठी मंठा तालुक्यात, दुधना नदीवरच्या धरणाच्या फुगवट्याची खोली मोजत होते. तीन दिवस, दोन कयाक, मुक्कामाला काठावर तंबू. सोबत मावसबहीण मुक्ता. तिला पोहता येत नाही, म्हणून लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही, ही माझी एकमेव अट होती.

आदल्या संध्याकाळी कौसाबाई शेळ्या घेऊन तंबूपाशी आल्या. त्यांचं जुनं गाव याच पाण्याखाली आहे.

"सकाळी आमच्या गावावरून जासान तं आवाज देऊन जा, माय. कोणाच्या अंगणातून मुकाट्यानं जातेत का?"

"दार उघडाया कोण येईन मावशी, मासे?" मुक्तानं विचारलं.

"आले तं धरून घे. कालवण होईन!" कौसाबाई खळखळून हसल्या. मी खोली मोजायच्या यंत्राच्या बॅटऱ्या तपासत होते.

सकाळी दाट धुकं होतं, वारा अजिबात नव्हता. मुक्ता पुढे, काहीतरी गुणगुणत. तिची कयाक दिसेनाशी झाली. मी आवाजामागे वल्हवत राहिले. मग गुणगुणणं थांबलं.

"मुक्ता?"

उत्तर नाही. पुन्हा हाक मारली... नाही. आणि माझ्या कयाकला काहीतरी येऊन टेकलं – तिचं वल्हं. कोणत्या दिशेला जावं, हेच कळेना. अंदाजानं पुढे सरकले, तेव्हा ती दिसली.

ती पाण्यात उभी होती. कमरेइतक्या. एका हातानं कयाक धरून.

"ओ का दिली नाहीस?"

"दातखीळच बसली, ताई... वल्हं सटकलं, धराया गेले अन् घसरले. पण खाली ओटा हाय. सपाट."

जॅकेट तिच्या कयाकवर मागे बांधलेलं होतं. स्वेटरवर घट्ट होत होतं म्हणे! मी माझी कयाक तिच्या कयाकला भिडवून धरली. ती गुडघा टेकून वर चढली. तिला जॅकेट घालताना माझ्या हाताला लागलं – कमरेच्या वर स्वेटर पूर्ण कोरडा होता.

"तू हसशीन, पण धुक्यात शिरताना मी आवाज दिल्ता. येऊ का, म्हणून... गमतीत."

मी हसले नाही. दोन्ही कयाक त्याच जागी होत्या. यंत्रावरचा आकडा पाहिला. विश्वास बसेना, म्हणून वजन बांधलेली दोरी सोडली. मग दोन्ही कयाकच्या चारही बाजूंनी सोडली. बुडालेलं झाड, खडक, जुनी भिंत – जे असतं, ते दोरीला लागायला हवं होतं.

"किती हाय?" मुक्ता विचारत राहिली. काठाला लागेपर्यंत मी तिला सांगितलं नाही.

एवढी एक नोंद गाळली असती, तर प्रस्तावाच्या मुलाखतीत कुणी काही विचारलं नसतं. पण मोजमाप बरोबर आहे, ते मी गाळू शकत नाही. आणि स्वेटर कोरडा होता, तेही नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. आहे तो फक्त मुक्ता उभी होती त्या जागेचा, दोरीनं आणि यंत्रानं सारखाच दाखवलेला आकडा.

खोली : ११.३ मीटर.