दोन दरंदले, एक नंबर

मार्चमधला दुसरा रविवार, दुपार. ठिकाण: सोनईबाहेरची दरंदले वस्ती. हजर: कॅप्टन संदीप दरंदले, त्याचा चुलतभाऊ, फर्स्ट ऑफिसर संतोष दरंदले, संदीपची आई जिजाबाई, आणि मी, विमान कंपनीच्या क्रू रेकॉर्ड्स विभागाची मॅनेजर. फोनवर हेड ऑफिसचे मल्होत्रा. विषय: हे दोघे दोन माणसं आहेत, हे सिद्ध करणं. मुदत सोमवार दुपारपर्यंत.

आधी मागचं सांगते. मी ज्या लहान कंपनीत होते, ती एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. आमचं पुण्याचं ऑफिस बंद झालं आणि मी नगरला घरून काम करू लागले. विलीनीकरणात सगळ्यात अवघड काम म्हणजे पायलटांच्या दोन सीनियॉरिटी लिस्ट एकत्र करणं. पायलटला नंबर असतो. कोणत्या शहरात राहायचं, सुट्टी कधी मिळणार, कॅप्टन कधी होणार, सगळं त्या नंबरवर.

दुसरी गोष्ट टाइप रेटिंग. स्कूटरच्या लायसन्सवर ट्रक चालवता येत नाही, तसंच हे. ज्या विमानाचं रेटिंग, तेच विमान उडवायचं. संदीप आमच्या लहान कंपनीत पंख्याच्या विमानाचा कॅप्टन. संतोष मोठ्या कंपनीत जेटवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजवीकडच्या सीटवरचा पायलट. एका वस्तीतून दोघं पायलट झाले. आधी संदीप, मग त्याचं पाहून संतोष.

नवी लिस्ट लागल्यावर पहिला फोन संतोषचा आला.

“मॅडम, मला पंख्याच्या विमानावर ड्युटी लागलीये. मी ते आतून पाहिलेलंही नाही.”

ती ड्युटी रद्द करून घेते न घेते तोच संदीपचा फोन. “मॅडम, माझा रोस्टर कोरा आहे. लॉगिन पण होत नाही. मला काढलंय का?”

मी लिस्ट उघडली. त्यात ‘दरंदले एस. बी.’ एकच होता. आमच्या कंपनीतली जुनी जॉइनिंग तारीख, जेट आणि पंखा दोन्हीचं रेटिंग, कॅप्टन म्हणून केलेले तास, सगळं त्याच्या नावावर. असा पायलट आमच्याकडे कधीच नव्हता.

उलगडा व्हायला दोन दिवस गेले. सॉफ्टवेअरने आद्याक्षरांतलं नाव आणि जन्मतारीख जुळवून माणसं एकत्र केली होती. पायलट कंपन्या बदलतात, त्यामुळे एकच माणूस दोन्ही लिस्टमध्ये असू शकतो. लायसन्स नंबर पाहिला असता तर कळलं असतं. पण दोन कंपन्या तो वेगवेगळ्या पद्धतीने लिहायच्या, म्हणून तो रकाना सोडून दिला होता. एकाचे वडील भाऊसाहेब, दुसऱ्याचे बाबासाहेब. आणि दोघांची जन्मतारीख एकाच वर्षातली एक जून.

त्या रविवारी वस्तीवरून फोन लावला, तर मल्होत्रांना तारखेचं पटेना. “मॅडम, सिस्टीम में तो एक ही दरंदले है. अभी जो बोल रहा है, वो कौन है?”

“सर, मैं दूसरा,” संदीप म्हणाला.

एक जूनचं कोडं जिजाबाईंनी सोडवलं. “दोघांला एकाच दिशी शाळंत नेलं. गुरुजी म्हनले, जनम कवाचा? म्या म्हनलं, ह्यो पोळ्याचा, त्यो संक्रांतीचा. म्हनले, ऱ्हाऊ द्या, एक जून लिवतो. आख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिशी हुता.”

मी हे हिंदीत समजावलं. मग मल्होत्रांनी नियम सांगितला: दोघांची लायसन्स पाठवा, पण ज्याचा नंबर खाली जाणार, त्याची लेखी संमती हवी. नाहीतर प्रकरण वादात जाईल आणि जेटच्या कोर्सची यादी संदीपशिवाय लागेल. पंख्याची विमानं भाड्याची, ती मालकाकडे परत जाणार होती. कोर्स नाही तर संदीपला उडवायला विमानच उरणार नव्हतं.

खाली जाणार होता संतोष. एकत्र झालेल्या नोंदीवर त्याला कॅप्टनच्या कोर्सचं बोलावणं आलं होतं.

संमतीचा कागद मी पुढे केला. त्याने वाचला, बाजूला ठेवला.

“सही केली तर मी कितव्या नंबरवर?”

“तुझ्या स्वतःच्या.”

“मॅडम, गावात पेढे वाटलेत.”

“मला बी दिलाय,” जिजाबाई म्हणाल्या. “खाल्ला म्या. ग्वाड हुता.”

“काकू, तुमी तरी...”

“तिला काय विचारतो?” संदीप म्हणाला. “शाळंत बी माझाच पेपर बघून लिवायचा. आता तास बी माझेच घे.”

“मी मागितले व्हते का?”

“न्हाई. पर सोडवत बी न्हाई.”

संतोष उठून ओसरीवर गेला. मी मध्ये बोलले नाही. सक्ती केलेली संमती चालत नाही. संदीप पाठमोरा बसून राहिला. जिजाबाई म्हणाल्या, “इमान गेलं तर ट्रॅक्टर हाय.”

परत आल्यावर संतोषने माझ्याकडेच पेन मागितलं.

“कोर्सला पहिल्याच दिवशी विचारतील, कॅप्टन म्हणून शेवटचं लँडिंग कुठं केलं,” तो म्हणाला. “मी काय सांगू? संद्याला फोन लावून इचारू?”

“लाव की. उचलीन,” संदीप म्हणाला.

सही झाली. मी तिथूनच कागद आणि दोन्ही लायसन्स स्कॅन करून पाठवले. त्याच आठवड्यात संदीपला नंबर मिळाला आणि पुढच्या बॅचमध्ये कोर्सची जागाही. संतोष आपल्या जागी गेला. पेढ्यांचं त्याने गावात काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

या कामातून मी एकच शिकले. दोन रकाने जुळले म्हणजे माणूस जुळला असं नसतं. तिसरा रकाना अवघड असला तर तोच आधी बघावा.

एक काम मात्र राहिलंय. संतोषच्या नावावर पंख्याच्या विमानाचं रेटिंग अजून दिसतं. ते काढायला त्या विमानाच्या ट्रेनिंग विभागाची सही लागते, आणि तो विभाग विमानांबरोबरच बंद झाला. सही कुणाची घ्यायची, हे मी मल्होत्रांना विचारलंय. त्यांनी तोच प्रश्न मला उलट पाठवलाय.