पार्टी रूमच्या भिंतीवरचं इराण

टोरोंटोच्या आमच्या कंडो बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावरच्या पार्टी रूममध्ये, एक भलंमोठं चित्र होतं. जुन्या काळी कुणा युरोपियन चित्रकाराने रंगवलेलं इराणमधलं खेडं. ही त्याची छापील प्रत. मातीच्या भिंती, हुक्का ओढणारे पुरुष, पेटलेल्या तंदूरशेजारी सैल कपड्यांत पेंगणारी बाई आणि धुळीत पसरलेल्या रोट्या. एक कुत्रा त्या हुंगतोय. त्या रोट्या पाहिल्या की माझं डोकं फिरायचं. वसईला आमच्या घरी पाव खाली पडला तर आई तो उचलून ओठांना लावायची. आणि पेटता तंदूर सोडून कुठली बाई झोपते? चित्रकाराला राबणारी बाई नकोच होती, आडवी पडलेली हवी होती.

२०१७च्या उन्हाळ्यात, देशाच्या दीडशेव्या वाढदिवसाचं निमित्त करून बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्या बोर्डाने मल्टिकल्चरल दुपार ठरवली. आमच्या मजल्यावरची इराणी शेजारीण दातांची डॉक्टर. तिची आई नुकतीच तिच्याकडे कायमची राहायला आली होती. आईचं सगळं आयुष्य खेड्यात गेलेलं. तिने लवाश, म्हणजे त्यांच्याकडच्या पातळ रोट्या, भाजून स्वच्छ कापडात बांधून आणल्या. लेकीच्या शेजाऱ्यांना पहिल्यांदा भेटायचं म्हणून इस्त्रीचा कोट घातला. बोर्डाच्या अध्यक्षीणबाईंनी तिला टेबलाशी न नेता थेट चित्राखाली जमिनीवर बसायला सांगितलं, फोटोसाठी. रोट्या भोवती पसरा म्हणाल्या, म्हणजे अगदी चित्रासारखं दिसेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सांगितलं, अन्न असं जमिनीवर पसरत नाही कुणी, आणि हिची आई काही शोभेची वस्तू नाही. अध्यक्षीणबाई हसल्या. त्यांना म्हणे ते चित्र फार ऑथेंटिक वाटायचं. नवऱ्याने माझा दंड धरला.

"जाऊ दे ना गं. बोर्डाशी फाइट करून काय मिळणार? आपल्याला इथेच राहायचंय."

या एका वाक्यावर आम्ही या देशात किती अपमान गिळलेत, त्याला सुमार नाही. त्या दिवशीही मी गप्प बसले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेजारणीची आई चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने लेकीला फारसीत हळूच काहीतरी विचारलं. काय म्हणतायत त्या, असं अध्यक्षीणबाईंनी मोठ्या कौतुकाने विचारलं. आईला चित्र आवडलं, शेजारीण म्हणाली, फक्त गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही. लगेच खुर्ची आली, तीही चित्राखालीच. रोट्यांचं गाठोडं मांडीवर घट्ट धरून आई बसली. फोटो निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर जाताना लिफ्टमध्ये आम्ही तिघीच होतो. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी तिच्यासमोरच शेजारणीला विचारलं की आई खरं काय म्हणाली.

शेजारीण दाराकडे बघत म्हणाली, "तिने विचारलं, ही माणसं तुलाही अशीच बघतात का?"