चौथीच्या वर्गातली सरकी

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. शहाद्याच्या अलीकडे एका गावात नुकतीच इंग्रजी शाळा निघाली होती आणि मी तिथे गणित शिकवायला लागलो होतो. त्या जूनपासून इंग्रजी चौथीचा, म्हणजे आताच्या आठवीचा, वर्ग पहिल्यांदाच भरायचा होता. शाळेच्या अध्यक्षांचं कापसातून सरकी काढायचं जिनिंग होतं. त्यांनी आपली एक रिकामी वखार वर्गासाठी दिली आणि दिल्याचं गावभर सांगितलं.

वखार कसली, उंदरांचं आणि वटवाघळांचं घर होतं ते. उन्हाळ्याची सुट्टी मी तिथेच घालवली. शाळेचा शिपाई भिल्ल होता. तो आणि त्याची बायको पहाटे यायची. भिंती खरवडून त्यांनी पांढऱ्या मातीनं पोतारल्या, भुई चोपून तीन वेळा सारवली. त्या बाईच्या बोटांची सालं निघाली, तरी कोपऱ्यात पोपडे दिसताच ती पुन्हा बसली. मी लाकडी फळ्या जोडून फळा केला. कोळशाची पूड, कंदिलाची काजळी आणि बाभळीचा डिंक कालवून त्याला चार हात दिले. सुतारानं दहा बाकं ठाकठीक करून दिली.

शाळा सोमवारी उघडायची होती. रविवारी दुपारी मी खडू ठेवायला गेलो, तर दार सताड उघडं. बाकं अंगणात उलटीपालटी पडलेली आणि आत आढ्यापर्यंत सरकीची पोती. खालच्या थराला ओल लागू नये म्हणून पोत्यांखाली काहीतरी घातलं होतं. वाकून पाहिलं. माझा फळा होता.

मी तसाच पेढीवर गेलो. अध्यक्ष लोडाला टेकून पान लावत होते. त्यांनी बाहेरच्या ढगांकडे बोट दाखवलं.

"मास्तर, आभाय भरी ऱ्हायनं. सरकी कोठे ठेवू?"

"आणि मुलं?"

"पोऱ्ये वल्ला व्हयनात ते वाळी जातीन. सरकी वल्ली व्हयनी ते गयी." एवढं बोलून ते हसले. मुनीमही हसला.

मुख्याध्यापकांकडे गेलो, तर ते म्हणाले, "आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. उगाच ताणू नका."

सोमवारी सकाळी मुलं आली. मी त्यांना एकेक बाक उचलायला लावलं आणि आख्खा वर्ग अध्यक्षांच्या पेढीच्या ओट्यावर नेऊन मांडला. दार अडलं. फळा नव्हता, म्हणून त्यांच्या निळ्या रंगाच्या भिंतीवर खडूनं समीकरण लिहिलं आणि मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. कापसाचे व्यापारी रस्त्यावर थांबून बघायला लागले. अध्यक्ष आतून ओरडले, "मास्तर, हाई काय चालनं?"

"बीजगणित," मी म्हटलं.

तीन दिवस आम्ही तिथेच होतो. चौथ्या दिवशी गाड्या आल्या आणि पोती निघाली. फळा मधोमध चिरला होता, भुई उखडली होती. मी शिपायाला पुन्हा सारवायचं विचारलं. तो म्हणाला, "मी करसू, मास्तर. पण तिले सांगाव नही." मलाही त्याच्या बायकोला तोंड दाखवायची लाज वाटत होती. आम्ही दोघांनीच ती भुई सारवली.

महिनाभरानं मुख्याध्यापकांनी माझ्यापुढे कागद सरकवला. मी बेशिस्त वागलो, त्याबद्दल दिलगीर आहे, असं त्यात लिहिलं होतं. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती, नोकरी सोडणं शक्य नव्हतं. मी सही केली.

पुढे बक्षीस समारंभात अध्यक्षांनी ही सगळी हकिगत गंमत म्हणून सांगितली. "आमचे मास्तर फार तापट," असं म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सगळे हसले. मुख्याध्यापक तर डोळे पुसेपर्यंत हसले. मागे शिपाई सतरंजीची घडी धरून उभा होता. तो एकटाच हसला नाही. मी उठलो आणि भर सभेतून बाहेर पडलो. या वेळीही माफीचा कागद आला, पण नोकरीचं व्हायचं ते होवो म्हणून तो मी फाडून टाकला.